दीड सेकंदाचा आवाज

त्याने काच पूर्ण वर केली आणि चावीवर बोटं ठेवून थांबला. चावी फिरवणाऱ्याने काच बंद करून बसायचं, असा बाबांचा नियम होता. सीटची करकर, खोकला, घड्याळाचा पट्टा सरकल्याचा आवाज, आतलं काहीही बाहेर जाता कामा नये. बॉनेट उघडं होतं, त्यामुळे समोरच्या काचेतून त्याला करड्या पत्र्याची आतली बाजू तेवढी दिसत होती, आणि पत्र्याखालच्या फटीतून बायकोचा कोपरापर्यंतचा हात. हातात लोखंडी रॉड. रॉडचं एक टोक इंजिनाला टेकलेलं असणार, दुसरं तिच्या कानामागच्या हाडाला.

कंप्रेसर बंद झाला. वेल्डरने रेडिओ बंद केला आणि रेडिओकडे बघून स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. शटरजवळच्या खुर्चीत बसलेल्या बाबांनी हात वर केला, क्षणभर तसाच धरला आणि खाली आणला.

त्याने चावी फिरवली.

आत त्याला सेल्फ-स्टार्टरची घरघर ऐकू आली, मग सीटचा पट्टा लावा म्हणून टिणटिणणारा डॅशबोर्ड. एवढंच. बाहेर त्या दीड सेकंदात जे व्हायचं होतं ते होऊन गेलं होतं. दार उघडून तो उतरला तेव्हा इंजिन अगदी गुण्यागोविंदाने चाललं होतं आणि सगळे तिच्याकडे बघत होते.

"उजवीकडून," रॉड खाली घेत ती म्हणाली. "टायमिंग चेनचं झाकण आहे ना, त्याच्या वरच्या अंगाला. चेन आत आपटतेय. आणि थांबायच्या जरा आधी आवाज बारीक होतो. दोरी ताणत नेल्यासारखा."

बाबा तोंडाने कौतुक करत नसत. मान एकदा हलली तर ठीक. दोनदा हलली तर तो दिवस लक्षात ठेवावा. त्याचं लक्ष बाबांच्या मानेकडेच होतं. दोनदा हलली.

"सायलेन्सरवरचा पत्रा असेल," तो म्हणाला.

"तू ऐकलंस?" बाबांनी विचारलं.

"आतून कसं ऐकू येणार? मी शक्यता सांगतोय. गार पत्रा सुरुवातीला खुळखुळतो, तापून फुगला की बसतो जागेवर."

"शक्यता," वेल्डर म्हणाला. "इंजिनिअरसाहेबांकडे शक्यतांना कधी तोटा नाही. आवाजच तेवढा नसतो."

सगळे हसले. ती हसली नाही, पण न हसण्यासाठी तिने जे खाली बघितलं, ते त्याला हसण्यापेक्षा जास्त लागलं.

गाडी ग्रंथालयात नोकरी केलेल्या एका निवृत्त बाईंची होती. रात्रभर उभी राहिली की सकाळच्या पहिल्या स्टार्टला खडखडायची, तेही दीड सेकंद. मग दिवसभरात कितीही वेळा बंद-चालू करा, आवाज नाही. दोन गॅरेजांनी सेल्फ बदलून पाहिला होता, त्यांच्या बिलांवर एवढंच लिहिलेलं होतं. सोमवारी संध्याकाळी बाई गाडी इथे सोडून गेल्या. शुक्रवारी त्यांना बहिणीकडे जायचं होतं, घाटातून, एकटीने, म्हणून त्या मनातून धास्तावल्या होत्या. त्यांनी आवाज कसा येतो ते तोंडाने करून दाखवायला सुरुवात केली तेव्हा बाबांनी नेहमीप्रमाणे तळहात आडवा केला होता. गिऱ्हाइकाला आवाजाबद्दल काही विचारायचं नाही आणि सांगूही द्यायचं नाही, हाही बाबांचा नियम. लोक तोंडाने आवाज काढतात तो आपल्या कानात जाऊन बसतो, आणि मग इंजिन काही का म्हणेना, आपल्याला तोच ऐकू येतो. गॅरेजमध्ये अठ्ठावीस वर्षं हे असंच चाललं होतं.

त्याला या सगळ्यात एक गोष्ट छळत होती. कुठलंही निरीक्षण पुन्हा करून बघता आलं पाहिजे, असं तो चार वर्षं शिकला होता. इथे दिवसाला एकच निरीक्षण होतं, आणि ते तिच्या वाट्याला गेलं होतं.

सहा महिन्यांपूर्वीपर्यंत ती समोरच्या टेबलावर फोन घ्यायची आणि कामाची कार्डं भरायची. एके दिवशी दुपारी कार्डावरून मान वर न करता ती म्हणाली होती, "त्या पांढऱ्या गाडीचा फॅनचा पट्टा घसरतोय वाटतं." पट्टा घसरतच होता. बाबांनी तिला उठवून बॉनेटपाशी उभं केलं. पुढच्या आठवड्यात तिने पाण्याच्या पंपाचं बेअरिंग ओळखलं, त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी काही. बाबांचे गुडघे तोवर वाकून उभं राहू देईनासे झाले होते. त्यांनी रॉड तिच्या हातात दिला आणि याला म्हणाले, "तू आत बस. चावी फिरव."

त्याने तिची परीक्षाही घेतली होती. खेळ आहे म्हणून सांगून, एका सुट्टीच्या दिवशी, फोनवर बारीक बारीक होत जाणारा सूर वाजवून. तिला सेकंदाला सोळा हजार कंपनांपर्यंत ऐकू आलं. मग त्याने स्वतःची घेतली. सोळा हजार, डाव्या कानाला थोडं वरच. कान सारखेच होते. या निकालाने त्याचं समाधान व्हायला हवं होतं, पण त्या दिवसापासून त्याची झोप कमी झाली.

येत्या सोमवारी बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. तीन महिने ते गॅरेजमध्ये येणार नव्हते. बॉनेटपाशी कोण उभं राहणार, हे त्यांनी सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं.

"उद्या सकाळी अजून एकदा ऐकू," बाबा खुर्चीतून उठत म्हणाले. "इंजिन उघडायचं म्हणजे दोन दिवसांचं काम. मला इथून खुळखुळ कळली, पण कुठली ते नाही कळलं. चेन असेल तर उद्याही तिथेच वाजेल."

बुधवारी तो पावणेसहाला उठला. बायकोला म्हणाला, जरा फिरून येतो. ती कुशीवर वळून हं म्हणाली. घर ते गॅरेज वीस मिनिटांची वाट होती. तो चौदा मिनिटांत पोचला. रस्त्यावर झाडणारे होते, एक दूधवाला होता, आणि कुणी आपल्याकडे बघतंय असं त्याला उगाचच दोनदा वाटलं. शटर त्याने गुडघ्यापर्यंत उचललं आणि वाकून आत शिरला.

आपण काय करणार आहोत हे त्याला स्वच्छ माहीत होतं. आजचा आवाज तो आधीच ऐकून टाकणार होता. साडेआठला ती रॉड लावून उभी राहील तेव्हा इंजिनात ऐकण्यासारखं काही उरलेलं नसेल.

त्याने बॉनेट उघडलं, रॉड घेतला आणि तिथेच अडला. चावी सीटपाशी, इंजिन इकडे, आवाज दीड सेकंदाचा आणि तो एकटा. येताना सगळा विचार केला होता, फक्त हा सोडून. त्याला हसू आलं. मग त्याने फोन काढला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि फोन बॅटरीवर, चेनच्या झाकणाकडे तोंड करून ठेवला. दार उघडंच ठेवून आत बसला आणि चावी फिरवली. उघड्या दारातून त्याला काहीतरी खडखडल्यासारखं ऐकू आलं, पत्र्याच्या डब्यात मूठभर खिळे हलवावेत तसं, आणि थांबलं. त्याने लगेच इंजिन बंद केलं. सगळं मिळून दहा सेकंद. उतरून फोन खिशात टाकला, बॉनेट लावलं आणि शटर ओढून बाहेर पडला. मग खरंच फिरून यावं म्हणून दोन गल्ल्या पलीकडे जाऊन आला.

साडेआठला कंप्रेसर बंद झाला, रेडिओ बंद झाला, बाबांचा हात वर गेला आणि खाली आला. इंजिन पहिल्या झटक्याला चालू झालं.

तो उतरला. ती अजून रॉड लावून उभी होती.

"काय?" बाबांनी विचारलं.

"आज नाही," ती म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"वाजलंच नाही, बाबा."

"गाडी तुम्हाला घाबरली असेल," वेल्डर म्हणाला. "हल्ली सगळेच घाबरतात." या वेळी कुणी हसलं नाही.

बाबांनी हनुवटी चोळली. काल नक्की चेनच होती का, असं त्यांनी विचारलं. तिने हो म्हटलं. नक्की, असं त्यांनी पुन्हा विचारलं, आणि तिने पुन्हा हो म्हटलं, पण जरा थांबून. बाबा म्हणाले, चेन सैल झाली असेल तर ती रोज वाजते. आज वाजायचं, उद्या नाही, हे काम सैल पत्र्याचं. मग ते त्याच्याकडे वळले.

"तू काल म्हणाला होतास."

"हो."

"गाडी वर घे. खालचे पत्रे बघ सगळे."

मान दोनदा हलली.

त्याने गाडी वर घेतली आणि खाली उभा राहून एकेका पत्र्यावर मूठ आपटत गेला. सगळे घट्ट होते. ते घट्ट असणार हे त्याला आधीच ठाऊक होतं. तरी त्याने पाना घेऊन प्रत्येक बोल्ट पाव आटा फिरवला, कारण बाबा बघत होते, आणि बाबा आपल्याकडे असं बघतायत हे किती दिवसांनी घडत होतं. अंगात ऊब आल्यासारखं वाटत होतं. तिच्याकडे त्याने एकदाच पाहिलं. ती टेबलापाशी परत जाऊन बसली होती आणि कार्डं लावत होती. कार्डं आधीच लावलेली होती.

बाबांना तो म्हणाला की एक बोल्ट थोडा सैल होता. हे खोटं त्याने इतक्या सहज सांगितलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

दुपारी जेवायच्या सुट्टीत तो मागच्या टायरांच्या खोलीत जाऊन बसला आणि कानात इयरफोन घातले. रेकॉर्डिंगमध्ये पत्रा आहे असं ऐकू आलं तर हवं होतं. तसं झालं असतं तर सकाळची चोरी चोरी राहिली नसती, तो फक्त वेळेआधी केलेला प्रयोग ठरला असता. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खडखड ऐकू आली. दुसऱ्यांदा खडखडच. पाचव्या वेळी त्याला कळलं की आवाज उजवीकडून येतोय. आठव्या वेळी शेवटी तो बारीक होताना ऐकू आला, दोरी ताणत नेल्यासारखा. तिने जसं सांगितलं होतं अगदी तसा. त्याला त्या दोरीचा राग आला. ती उपमाही त्याला सुचली नव्हती.

त्याने रेकॉर्डिंग थांबवलं नाही. इंजिन बंद झालं. जेमतेम तापलेल्या लोखंडाची एक-दोन टिकटिक. मग शटरच्या बाजूने पावलं. चप्पल, तीन पावलं, थांबली. दोन सेकंद काही नाही. मग पुन्हा पावलं, आता लांब जाणारी, आणि त्यातलं प्रत्येक दुसरं पाऊल किंचित उशिरा टेकत होतं.

हे कोण, असा प्रश्न त्याला पडलाच नाही. तो ओळखून मोकळा झाला आणि आपण ओळखलं हे त्याला नंतर कळलं. गेल्या वर्षी जिन्यावरून उतरताना तिचा डावा घोटा मुरगळला होता. सगळे म्हणत होते की आता ती सरळ चालते.

ती टेबलापाशी डबा उघडून बसली होती. वेल्डर पलीकडे वर्तमानपत्र तोंडावर घेऊन आडवा झाला होता. तो तिच्यासमोरच्या स्टुलावर बसला. काय बोलायचं ते ठरवून आला होता, पण निघालं भलतंच.

"सकाळी सांगितलं का नाहीस बाबांना?"

तिने घास गिळला. मग वेल्डरकडे बघून आवाज खाली आणला.

"काय सांगू? मी तिथे कशाला आले होते, हेही सांगावं लागलं असतं."

त्याने स्टूल पुढे ओढलं.

"तू पाच मिनिटं आधी पोचलास," ती म्हणाली. "एवढंच."

काल आपल्याला चेन ऐकू आली होती, पण वरच्या अंगाला की खालच्या, हे आपण ठोकून दिलं होतं, असं तिने सांगितलं. बाबांची मान दोनदा हलली की ठोकून दिलेलं तिला परत घेता येत नाही. एकदा एकटीने, कुणी बघत नसताना ऐकावं म्हणून ती आली होती, आणि चावी कोण फिरवणार हा विचार तिलाही शटरपाशी येईपर्यंत सुचला नव्हता. हे सांगताना ती जराशी हसली. मग तिचं हसू गेलं.

"तुला काय," ती म्हणाली. "तू काही नाही ऐकलंस तरी मुलगाच राहणार. मला रोज ऐकावं लागतं."

त्याने इयरफोनचं एक टोक तिच्यापुढे धरलं. तिने हात पुसून ते घेतलं. टेबलावर कोपरं टेकवून दोघांनी ते सात-आठ वेळा ऐकलं. इंजिन बंद झालं की तो रेकॉर्डिंग थांबवत होता. एकदा विसरला, पावलं वाजली, आणि तिने आपला डावा पाय स्टुलाखाली ओढून घेतला.

"वरच्याच अंगाला," शेवटी ती म्हणाली. "चेनच आहे."

"चेन आहे, मान्य. पण का आपटते? चेन ताणून धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो. तेल पोचेपर्यंत तो सैल. दीड सेकंद उशीर होतोय, म्हणजे रात्रीत तेल कुठूनतरी खाली उतरतंय. कुठून?"

ती त्याच्याकडे बघत होती. कितीतरी दिवसांत तो तिच्याशी एवढं सलग बोलला नव्हता. त्याने एक कोरं कार्ड ओढलं, पाठीमागे पंपाचा वेग मांडला, मिनिटाला दहा लिटर. दीड सेकंदाला पाव लिटर. पाव लिटर तेल राहतं अशी एकच जागा त्याला आठवली. मग त्याने फोन उचलला आणि अठ्ठावीस वर्षांत या गॅरेजमधून कुणी न विचारलेला प्रश्न गिऱ्हाइकाला विचारला.

बाईंनी पहिल्या रिंगला फोन उचलला. आवाज कधीपासून येतो, असं त्याने विचारताच त्या म्हणाल्या, "अहो, तेच तर सांगत होते मी. तुमच्या वडिलांनी हात आडवा केला. तीस वर्षं मी लोकांना गप्प बसवलं, मला बसवणारे ते पहिलेच." तीन महिन्यांपूर्वी त्यांनी दुसरीकडे ऑइल आणि फिल्टर बदलून घेतलं होतं. आवाज त्यानंतर आठ-दहा दिवसांनी सुरू झाला.

"फिल्टर," फोन ठेवून तो म्हणाला. "फिल्टरच्या आत रबराचा एक पडदा असतो. इंजिन बंद झालं की तेल परत खाली जाऊ देत नाही. तो कडक झाला असणार. रात्रभर थेंब थेंब गळतं, सकाळी फिल्टर रिकामा. पंप आधी तो भरतो आणि मग टेन्शनरला तेल मिळतं. चेन ठीक आहे. टेन्शनर ठीक आहे. इंजिन उघडायची गरजच नाही."

त्याच्या बोलण्याला घाई झाली होती. ती त्याच्या हातातल्या कार्डाकडे बघत होती, पाव लिटरच्या आकड्याकडे, आणि तिचा चेहरा त्याला नीट वाचता आला नाही. त्याला वाटलं होतं, ती खूश होईल.

"मला हे सुचलं नसतं," ती म्हणाली.

संध्याकाळी बाबा पाय दुखतो म्हणून पाचलाच घरी गेले. वेल्डर गेल्यावर दोघांनी फिल्टर काढला. जुन्यात बोट घालून तिने तो पडदा दाबला. वाळलेल्या सालीसारखा कडकडला. नवीन चांगला फिल्टर बसवला, तेल भरलं, एकदा चालू करून गळत नाही ना ते पाहिलं आणि गाडी रात्रभर थंड व्हायला ठेवली. घरी जाताना उद्या सगळ्यांसमोर कसं सांगायचं, याची वाक्यं तो मनात लावत होता. कार्ड त्याने शर्टाच्या खिशात ठेवलं होतं.

गुरुवारी सकाळी बाबांचा हात वर गेला आणि खाली आला. इंजिन चालू झालं. या वेळीही तिनेच रॉड लावला होता आणि बाबा स्वतः खुर्ची सोडून बॉनेटच्या कडेला येऊन उभे होते.

तो उतरला तेव्हा बाबा त्याच्याकडेच बघत होते.

"आजही नाही. पत्राच होता म्हणायचा," ते म्हणाले. "घट्ट केलास ते बरं झालं."

नुसतं हो म्हणायचं होतं. एक अक्षर. तो शब्द जिभेवर येऊन उभा होता, आणि तो गिळायला त्याला वेळ लागत होता. तेवढ्यात तिने मागच्या कट्ट्यावरचा जुना फिल्टर उचलला आणि बाबांपुढे धरला.

"पत्रा नव्हता, बाबा. फिल्टर होता. काल संध्याकाळी बदलला."

बाबांनी फिल्टर उजेडाकडे नेला. अंगठ्याने पडदा दाबला, सोडला, पुन्हा दाबला. वेल्डर हातातलं काम टाकून जवळ आला. बाबा मनात मागे जात होते, हे त्याला कळत होतं: तेल, टेन्शनर, चेन, आवाज. मग त्यांनी मान वर केली.

"कुणाच्या लक्षात आलं?"

त्याचा हात खिशातल्या कार्डाकडे गेला.

"माझ्या," ती म्हणाली.

ते इतकं झटकन आलं की वेल्डरनेही तिच्याकडे पाहिलं. तिची बोटं बॉनेटच्या कडेवर होती आणि बोटांची पेरं पांढरी पडली होती. बाबांची मान एकदा हलली. दुसऱ्यांदा हलता हलता थांबली.

"मग काल का नाही वाजली? फिल्टर तर जुनाच होता."

तिने बॉनेटवरचा हात काढून घेतला. त्याला आता सगळं सांगता आलं असतं: कार्ड, पाव लिटर, बाईंचा फोन. ते सगळं शर्टाच्या खिशात होतं, बाबांच्या हातापासून दीड फुटावर. पण त्याच्या कानात ते "माझ्या" अजून वाजत होतं. त्यातली घाई, शेवटी किंचित वर गेलेला सूर. हा आवाज कुठून येतो हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

"काल मी सकाळी लवकर येऊन चालू केली होती," तो म्हणाला.

"का?"

"ऐकायला."

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. रागावलेले नव्हते, एखादा पार्ट कुठून निखळलाय ते शोधावं तसे बघत होते.

"एकटाच?"

"एकटाच."

"एकट्याने कसं ऐकणार होतास? चावी फिरवशील की कान लावशील?" त्यांनी फिल्टर कट्ट्यावर ठेवला आणि हात पुसले. "डोकं वापरावं माणसाने. एवढा शिकलास." मग आवाज खाली आणून, जणू हे कधीचंच ठरलेलं होतं अशा सुरात ते तिला म्हणाले की सोमवारपासून ऐकायचं काम तिने बघायचं, आणि काही अडलं तर घरी फोन करायचा.

ती हो म्हणाली. वेल्डरने रेडिओ लावला. बाबा खुर्चीकडे गेले.

त्याने खिशातलं कार्ड न काढताच दोनदा दुमडलं. गाडी बाहेर काढायची होती, म्हणून तो सीटवर जाऊन बसला आणि ती बॉनेट खाली घेईल म्हणून थांबला. तिने ते हळूच लावलं, दोन्ही तळहातांनी दाबलं आणि तशीच उभी राहिली, मान खाली घालून. आता त्यांच्यामध्ये फक्त काच होती. ती त्याच्याकडे बघत नव्हती. सहा महिने तो तिच्याकडे असाच बघत नव्हता.